कूळ आणि मूळ : बेडकांच्या वंशावळीचा शोध

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे मराठीत म्हटले जाते. बेडकाच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांनी हा सल्ला कधीच मानला नाही. सुमारे अडीचशे वर्षे बेडकांचे कूळही शोधले जात आहे आणि मूळही. त्याही आधी, ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात पावसाच्या आगमनाने बोलू लागलेल्या बेडकांचे वर्णन आढळते. त्यांतील कोणी गाईसारखा ओरडतो, कोणी बोकडासारखा; कोणी ठिपकेदार असतो, तर कोणी हिरवा, असा भेद त्या सूक्तकाराने नोंदवला आहे. आवाज आणि रंग यांवरून केलेली ही एका अर्थाने बेडकांची वर्गवारीच होय.

आधुनिक विज्ञानाने प्रारंभी हीच वाट धरली. जे सारखे दिसते ते एका गटात, जे निराळे दिसते ते दुसऱ्या गटात. गेल्या काही दशकांत मात्र ही पद्धत मुळापासून बदलली. आता बेडकांचे वर्गीकरण रूपावरून होत नाही. ते नात्यावरून होते. या बदलामुळे अनेक परिचित नावे गेली, जुनी कुळे मोडली आणि सह्याद्रीतील काही दुर्लक्षित बेडूक जगाच्या प्राणिशास्त्रात एकाएकी महत्त्वाचे ठरले.

उभयचरांतील तीन शाखा

आज जिवंत असलेल्या उभयचर प्राण्यांचे तीन गण मानले जातात. पहिला शेपटी नसलेल्या बेडकांचा, दुसरा शेपटी असलेल्या सॅलॅमँडरांचा आणि तिसरा पाय नसलेल्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या देवगांडुळांचा. कोकणात व घाटमाथ्यावर ओलसर मातीत देवगांडूळ सापडते. अनेकदा लोक त्याला गांडूळ किंवा साप समजतात. वास्तविक ते बेडकाच्या दूरच्या नात्यातले आहे.

या तिन्ही गणांत बेडकांचा पसारा सर्वांत मोठा आहे. सात हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या असून त्यांची विभागणी पन्नासहून अधिक कुळांत केली जाते. वर्गीकरणाच्या व्यवस्थेत जवळच्या जाती मिळून प्रजाती होते, प्रजाती मिळून कूळ आणि कुळे मिळून गण होतो. इंग्रजीत गुळगुळीत कातडीचा ‘फ्रॉग’ आणि खरबरीत कातडीचा ‘टोड’ असा भेद करतात. हा भेद वंशावळीशी जुळत नाही, कारण ‘टोड’ म्हटले जाणारे अनेक प्राणी एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. मराठीत दोघांनाही सर्रास बेडूक म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने मराठीचा हा व्यवहारच अधिक बिनचूक आहे.

पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज

बेडकांच्या मुळाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा मादागास्कर बेटावर मिळाला. १९३६ साली वर्णन झालेला हा जीवाश्म ट्रायाडोबॅट्रॅकस या नावाने ओळखला जातो. त्याचे वय सुमारे २५ कोटी वर्षे आहे. कवटी पाहिली तर तो बेडूकच वाटतो; पण धड पाहिले तर वाटत नाही. आजच्या बेडकाच्या पाठीच्या कण्यात कटिबंधापुढे नऊ किंवा त्याहून कमी मणके असतात, ट्रायाडोबॅट्रॅकसमध्ये ते चौदा होते. त्याला आखूड शेपटीही होती. आजच्या बेडकात शेपटीचे मणके जुळून सळईसारखे एकच हाड बनलेले असते आणि पायाच्या पोटरीतील दोन हाडेही एकजीव झालेली असतात. ट्रायाडोबॅट्रॅकसमध्ये ही जुळणी झालेली नव्हती. तो आजच्या बेडकासारखी लांब उडी मारत नसावा, असे त्याच्या सांगाड्यावरून मानले जाते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सापडलेल्या आणि १९९५ साली वर्णन झालेल्या प्रोसॅलिरस या सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या बेडकात मात्र उडीसाठी लागणारी हाडांची रचना दिसते. त्याच्याही मागे जाणारा जेरोबॅट्रॅकस हा सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म टेक्सासमधला असून त्याचे वर्णन २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्यात बेडूक आणि सॅलॅमँडर या दोहोंची लक्षणे एकत्र आढळतात. त्यामुळे हे दोन गण एकाच पूर्वजापासून फुटले, या मताला बळ मिळाले. हे तिन्ही जीवाश्म एकत्र पाहिले, तर कणा आखडत जाणे, शेपटी नाहीशी होणे आणि मागचे पाय बळकट होणे हा क्रम टप्प्याटप्प्याने घडल्याचे स्पष्ट होते.

रूपावरून नाव, नावावरून घोटाळा

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ साली प्राण्यांच्या नामकरणाची जी व्यवस्था रूढ केली, तीत त्याला ठाऊक असलेले सारे बेडूक ‘राना’ या एकाच प्रजातीत बसवले होते. साप, सरडे आणि कासवे हीदेखील त्याने बेडकांबरोबर एकाच वर्गात ठेवली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात सांगाड्याचा अभ्यास सुरू झाला. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज अल्बर्ट बुलेंजर यांनी १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत छातीच्या हाडांना निर्णायक महत्त्व दिले. ज्यांच्या छातीच्या हाडांचे दोन भाग एकमेकांवर सरकतात ते एका बाजूला आणि ज्यांचे ते भाग घट्ट जुळलेले असतात ते दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी होती. त्यानंतर मणक्यांचा आकार, मांडीच्या स्नायूंची ठेवण, बेडूकमाशांच्या तोंडाची रचना असे अनेक निकष पुढे आले. प्रत्येक निकषाने थोडा प्रकाश पडला आणि थोडा घोटाळाही वाढला.

घोटाळ्याचे कारण समजण्यासाठी महाराष्ट्रातील आडनावांचे उदाहरण पुरेसे आहे. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावे वतनावरून पडली. दोन गावचे दोन कुलकर्णी एकच काम करीत, म्हणून ते एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहीत. बेडकांतही तसेच आहे. झाडावर राहणे, जमिनीत बिळे करणे, विषारी कातडीने स्वतःचे रक्षण करणे ही बेडकांची ‘कामे’ आहेत. जे काम त्याला साजेसे शरीर, हा निसर्गाचा नियम असल्याने दूरदूरच्या कुळांतले बेडूक एकसारखे दिसू लागतात.

अमेरिका खंडात बोटांच्या टोकांना गोल चकत्या असलेले झाडावरचे बेडूक हायलिडी कुळातले आहेत. आशियातील, सह्याद्रीतील मलबारी उडत्या बेडकासह, तसल्याच चकत्या असलेले झाडावरचे बेडूक ऱ्हॅकोफोरिडी कुळातले. दिसायला भावंडे वाटणारी ही दोन कुळे प्रत्यक्षात अतिशय दूरची आहेत. मलबारी उडता बेडूक हा शेततळ्यातल्या साध्या बेडकाला अधिक जवळचा आहे. तीच गोष्ट दक्षिण अमेरिकेतील भडक रंगांच्या विषारी बेडकांची आणि मादागास्करमधील तशाच रंगीबेरंगी, तशाच विषारी मँटेला बेडकांची. त्यांच्यातील साम्य वारशाने आलेले नाही, सारख्या गरजेतून स्वतंत्रपणे घडलेले आहे.

डीएनएची साक्ष

रूप फसवते हे लक्षात आल्यावर पुरावा म्हणून डीएनएकडे वळणे स्वाभाविक होते. पिढ्यानुपिढ्या डीएनएमध्ये लहान लहान बदल साठत जातात. दोन जातींच्या डीएनएतील फरक जितका जास्त, तितके त्यांचे सामाईक पूर्वज जुने, हे या पद्धतीमागील ढोबळ सूत्र आहे. वय निश्चित असलेल्या जीवाश्मांशी हा हिशेब जुळवून घेतला की वंशवृक्षाला काळाची मोजपट्टीही लावता येते.

या दिशेने मोठे पाऊल २००६ साली पडले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतील डॅरेल फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभयचरांचा विस्तृत वंशवृक्ष मांडला आणि त्यानुसार नावांची फेररचना केली. ‘राना’ आणि ‘बुफो’ या जुन्या, अवाढव्य प्रजाती फोडण्यात आल्या. घराच्या अंगणात दिव्याखाली किडे टिपणारा, अंगावर चामखिळीसारखे फोड असलेला परिचित बेडूक शतकाहून अधिक काळ ‘बुफो मेलॅनोस्टिक्टस’ होता. तो ‘दत्ताफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस’ झाला. हे नाव भारतीय उभयचरतज्ज्ञ सुशीलकुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ देण्यात आले. पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ ‘राना टायग्रिना’ म्हणून शिकवला गेलेला मोठा पिवळा बेडूक तर त्याआधीच ‘होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस’ झाला होता. या नामांतरावर तीव्र टीकाही झाली. नावे वारंवार बदलली तर जुने संशोधन आणि कायद्यातील याद्या यांचा मेळ कसा घालायचा, हा टीकाकारांचा मुख्य प्रश्न होता.

तरीही संशोधन पुढे सरकत राहिले. २०११ साली २,८७१ उभयचर जातींचा आणि २०२३ साली ५,२४२ बेडूक जातींचा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. फांद्यांची मांडणी आता बरीचशी स्थिरावली आहे. त्या नेमक्या केव्हा फुटल्या, याविषयी मात्र मतभेद कायम आहेत.

वृक्षाच्या फांद्या

बेडकांच्या वंशवृक्षात सर्वांत खालून फुटलेली जिवंत फांदी दोन टोकांच्या देशांत विभागली गेली आहे. तिचा एक भाग न्यूझीलंडमधील लिओपेल्मा, तर दुसरा वायव्य अमेरिकेतील थंड, वेगवान ओढ्यांत राहणारा ॲस्कॅफस. या दोघांत कटिबंधापुढचे नऊ मणके आणि शेपटी हलवण्याचे स्नायू अजून टिकून आहेत, शेपटी मात्र उरलेली नाही.

त्यानंतर युरोप आणि आशियातील अग्निउदर बेडूक, नंतर जीभ नसलेले आणि जन्मभर पाण्यात राहणारे पायपिडी कुळातले बेडूक, आणि मग फावड्यासारख्या टाचेने जमीन उकरणारे बेडूक अशा फांद्या फुटत जातात. पूर्वी या साऱ्यांना ‘प्राचीन’ आणि ‘मध्यम’ अशा दोन गटांत ठेवले जाई. डीएनएने दाखवून दिले की ‘प्राचीन’ हा एक गट नाहीच. बुंध्यावर एकापाठोपाठ एक फुटलेल्या त्या वेगवेगळ्या फांद्या आहेत.

उरलेला सारा डोलारा ‘नवबेडकांचा’ आहे. जगातील ९५ टक्क्यांहून अधिक जाती त्यात मोडतात. २०१७ साली चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी ९५ जनुकांच्या आधारे केलेल्या अभ्यासात एक लक्षवेधी निष्कर्ष निघाला. आजच्या बेडकांपैकी सुमारे ८८ टक्के जाती ज्या तीन मोठ्या शाखांत येतात, त्या तिन्ही शाखांचा विस्तार एकाच सुमारास, म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुरू झाला. उल्कापाताने डायनोसॉर नष्ट झाले तो हाच काळ. संकटातून वाचलेल्या मोजक्या बेडकांना रिकामे झालेले जग मिळाले आणि त्यांनी ते भरून काढले, असा त्याचा अर्थ लावला गेला.

नाकावरून ओळखलेले नाते

या वंशवृक्षात भारताचे स्थान अधोरेखित करणारी घटना २००३ साली घडली. एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बोसुइट यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील एका बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. फुगीर जांभळट शरीर, लहानसे डोके आणि पुढे आलेले टोकदार नाक अशा या सुमारे सात सेंटिमीटर लांबीच्या बेडकाला त्यांनी ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’ असे नाव दिले. ‘नासिका’ आणि ‘सह्याद्री’ हे दोन्ही शब्द त्या नावात सामावले आहेत. केवळ नवी जात म्हणून नव्हे, तर संपूर्ण नवे कूळ म्हणून त्याची नोंद झाली. स्थानिक आदिवासींना मात्र हा जीव आणि ओढ्यातल्या खडकांना तोंडाने चिकटून राहणारे त्याचे बेडूकमासे आधीपासूनच परिचित होते. शास्त्रीय साहित्यातही त्याच्या बेडूकमाशांचे वर्णन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाले होते. पण ते कोणत्या बेडकाचे, हे कोडे सुटले नव्हते. हा बेडूक वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली वाळवी खाऊन राहतो आणि मोसमी पावसाच्या तोंडावर थोड्याच दिवसांसाठी प्रजननाकरिता वर येतो, हे त्यामागचे कारण.

मेक्सिकोत असाच फुगीर अंगाचा, टोकदार तोंडाचा आणि वाळवी खाणारा ऱ्हायनोफ्रायनस नावाचा बेडूक आहे. रूपावरून नाते ठरवायचे असते, तर त्याला नासिकाबॅट्रॅकसचा भाऊ मानावे लागले असते. डीएनएने दाखवलेला सर्वांत जवळचा नातलग मात्र भलताच निघाला. तो हिंदी महासागरात सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या सेशेल्स बेटांवरील सूग्लॉसिडी कुळातला आहे. या कुळात अवघ्या चार जाती असून त्यांतील एक जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची आहे. खाऱ्या पाण्यात बेडूक सहसा टिकत नाही. मग हे नातलग समुद्राच्या दोन तीरांवर कसे गेले?

त्याचे उत्तर भूगर्भशास्त्राने दिले. भारत, मादागास्कर आणि सेशेल्स हे भूभाग कधी काळी गोंडवन या दक्षिणेकडील महाखंडाचे भाग होते. भारत आणि सेशेल्स सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटले आणि महाराष्ट्राचा काळा पाषाण घडवणारा लाव्हारसाचा महापूर आला त्या काळाच्या आसपास सेशेल्सही भारतापासून अलग झाले. बेडूक समुद्र ओलांडून गेले नाहीत. त्यांच्या पायाखालची जमीनच दुभंगली. दोन कुळे विलग होण्याचा काळ मूळ शोधनिबंधात सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा धरला होता. पुढील काही अभ्यासांत तो बराच अलीकडे आणला गेला. नाते मात्र कोणत्याही अभ्यासाने नाकारलेले नाही. २०१७ साली तमिळनाडूच्या बाजूने याच कुळातील ‘नासिकाबॅट्रॅकस भूपती’ या दुसऱ्या जातीची भर पडली.

आंबोलीच्या जांभ्यावरील शेजारी

सेशेल्सपासून सुटलेला भारत आशियाला भिडेपर्यंत एखाद्या बेटासारखा सरकत राहिला. या एकांतात वाढलेली काही कुळे आजही दक्षिण भारताबाहेर क्वचितच आढळतात. पाय हलवून खुणा करणारे नाचरे बेडूक, ओल्या खडकांवर राहणारे इंदिराना आणि ओढ्याकाठचे रातबेडूक ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. यांतील मुंबई रातबेडकाचे ‘निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी’ हे नाव मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्यावरून पडले आहे. या बेडकाची मीलनाची पद्धत इतर ज्ञात पद्धतींहून निराळी असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

सिंधुदुर्गातील आंबोलीत हा इतिहास हाताच्या अंतरावर पाहता येतो. २०१४ साली पुण्यातील संशोधकांनी तेथून ‘इंदिराना चिरावासी’ या जातीचे वर्णन केले. जांभ्याच्या चिऱ्यांत राहणाऱ्या या बेडकाचे घराणे मूळ भारतीय. त्याच पठारावर पहिल्या पावसात साचलेल्या उथळ डबक्यांत पिवळा, पट्टेरी ‘झँथोफ्रायनी टायगरिना’ प्रजनन करतो. त्याचे घराणे मात्र दक्षिण अमेरिकेत उगम पावून जगभर पसरलेल्या बुफोनिडी कुळाचे. त्याचे वर्णन २००९ साली झाले, त्या वेळी कोयना परिसरातून १९६३ मध्ये नोंदलेल्या जातीशी त्याचे सख्खे नाते सिद्ध होऊन दोघांसाठी नवी प्रजाती स्थापन करण्यात आली. या प्रजातीत आजही दोनच जाती आहेत आणि दोन्ही सह्याद्रीच्या मर्यादित पट्ट्यात आढळतात.

नात्यावर ठरते रक्षण

वर्गीकरणाचा हा सारा खटाटोप कोणत्या उपयोगाचा, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर कायद्यात आहे. संरक्षणाच्या याद्या शास्त्रीय नावांनी तयार होतात. बेडकांच्या तंगड्यांच्या व्यापारासाठी मोठ्या पिवळ्या बेडकाची बेसुमार पकड होऊ लागल्यावर १९८५ साली त्याचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या करारात झाला आणि १९८७ साली भारताने तंगड्यांची निर्यात थांबवली. कोणती जात कोणती, हे निश्चित असल्याखेरीज असे निर्बंध अमलात येऊ शकत नाहीत.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. एकाच नावाखाली अनेक जाती दडलेल्या असतील, तर त्यांतील एखादी नष्ट झाली तरी कोणाला कळत नाही. भारतातील भातखाचरांतले लहान बेडूक कित्येक दशके जावा बेटावरून वर्णन झालेल्या एकाच जातीच्या नावाने ओळखले जात. प्रत्यक्षात येथे अनेक स्वतंत्र जाती असल्याचे पुढे दिसून आले. जी जात ‘सर्वत्र आढळणारी’ म्हणून निर्धास्तपणे सोडून दिली जाते, ती एखाद्याच डोंगरापुरती उरलेली असू शकते.

तिसरे उत्तर वंशवृक्षाच्या आकारात आहे. शंभर भावंडे असलेल्या प्रजातीतील एक जात जाणे हे नुकसानच. पण ज्या फांदीवर एक-दोनच पाने उरली आहेत, ती फांदी तुटली तर कोट्यवधी वर्षांचा वारसा एकदम संपतो. ऑस्ट्रेलियात हे घडले आहे. तेथील ऱ्हिओबॅट्रॅकस प्रजातीची मादी फलित अंडी गिळून पिल्ले जठरात वाढवीत असे. या प्रजातीत दोनच जाती होत्या. १९८० च्या दशकानंतर त्यांपैकी एकही कोणाला दिसलेली नाही. जठरातील पाचकरस थांबवण्याची त्यांची किमया नीट समजण्याआधीच ती कायमची हरपली.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जातींना नामशेष होण्याचा धोका आहे. कायट्रिड बुरशीचा रोग, बदलते हवामान आणि अधिवासाचा ऱ्हास ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. सह्याद्रीत पठारावरील उत्खनन, ओढ्यांवरील बांधकाम आणि पावसाळी रात्री घाटरस्त्यांवरून धावणारी वाहने यांची त्यात भर पडते. आंबोलीच्या पठारावर डबक्यात बसलेला पिवळा बेडूक आणि इडुक्कीच्या मातीखालचा जांभळा बेडूक यांच्या फांद्यांवर फारशी पाने नाहीत. मर्यादित पैसा आणि मनुष्यबळ कोठे आधी लावायचे, हे ठरवताना त्यांचा क्रमांक वर लागतो, तो या वंशावळीमुळेच.

थोडक्यात

• जिवंत उभयचरांचे गण : बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ.
• सर्वांत जुना महत्त्वाचा बेडूकसदृश जीवाश्म : ट्रायाडोबॅट्रॅकस, मादागास्कर, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा.
• वंशवृक्षात सर्वांत आधी फुटलेली जिवंत फांदी : लिओपेल्मा (न्यूझीलंड) आणि ॲस्कॅफस (वायव्य अमेरिका).
• नवबेडूक : जगातील ९५ टक्क्यांहून अधिक जाती.
• नासिकाबॅट्रॅकस : २००३ मध्ये वर्णन, जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर.
• झँथोफ्रायनी : २००९ मध्ये स्थापन झालेली प्रजाती, आंबोली आणि कोयना येथील दोन जाती.